हात फिरवून होडी विकत घेऊ नका

गेल्या जुलैत मी जुनी फायबरची होडी घेतली आणि फसलो. २८ फुटी, इंजिनाशिवाय, अडीच लाखांना. विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार दाखल केली आहे आणि ती चालू आहे. पण फसवलं कसं ते सगळं सांगतो. पुढच्या पावसाळ्यात माझ्यासारखाच कोणीतरी अशाच एखाद्या यार्डात पैसे घेऊन उभा असणार, त्याने हे आधी वाचलेलं असावं.

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे कोकणात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात, आणि जुन्या होड्यांची खरेदी-विक्री बहुतेक याच दिवसांत होते. म्हणजे होडी पाण्यात घालून बघायची सोयच नाही. त्यात नारळी पौर्णिमा जवळ आली की घेणाऱ्याचा जीव वरखाली होतो. बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी समुद्रात जायचं असतं. माझंही तेच झालं. बाबांची लाकडी होडी चार वर्षांपूर्वी विकली होती, मी सहा वर्षं गोव्यात हॉटेलात नोकरी करून परत आलो होतो, आणि जमवलेले सगळे पैसे याच एका गोष्टीसाठी ठेवले होते.

यार्डात होडी उभी होती ती नवरीसारखी सजवलेली. पांढरा रंग, वर निळा पट्टा, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना डोळे काढलेले. मालक म्हणाला, “हात फिरवून बघा, भाऊ. कुठे खड्डा लागला तर पैसे देऊ नका.” मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. तळहाताला केसाएवढा उंचवटासुद्धा कळतो, आणि मला काहीच लागलं नाही. काचेसारखी गुळगुळीत. तिथेच माझं मन भरलं.

दोन गोष्टी मात्र तेव्हाच दिसल्या होत्या. एक, आतल्या तळावरच्या फळ्या कोऱ्या होत्या आणि स्क्रूने घट्ट आवळलेल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, “जुन्या कुजल्या होत्या, तुमच्यासाठी नव्या मारून दिल्यात.” दुसरी, उजव्या बाजूला, नाळेपासून साधारण पाच फुटांवर, खाली तळाकडे वळते तिथे पांढऱ्या रंगात तळहाताएवढा पिवळट डाग होता. चहा सांडून पुसल्यासारखा. तो म्हणाला, पावसाचा डाग आहे, पॉलिश मारलं की जाईल. मी मान डोलावली.

बाबा गुडघ्यामुळे सोबत आले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी एकच विचारलं, “फळी उचलून बघलंस काय?” मी हो म्हटलं. बघितली नव्हती.

पहिले पाच-सहा आठवडे काही वाटलं नाही. होडीत पाणी दिसायचं, पण जाळ्याबरोबर पाणी येतंच, पावसाचंही असतं, डब्याने काढून टाकायचो. सप्टेंबरअखेरीस ते वाढलं. रात्री नांगरून ठेवलेल्या होडीत सकाळी फळ्यांपर्यंत पाणी. मग एका ओहोटीला होडी वाळूवर कलती करून घेतली आणि खाली बसून पाहिलं. त्या पिवळ्या डागाच्या जागी रंग पापडासारखा फुगला होता. अंगठ्याने दाबला, तर कडेने तपकिरी पाणी बाहेर आलं आणि उग्र वास आला. चाकूचं टोक घातलं तर भाकरीएवढा तुकडा अख्खा सुटून हातात आला. वरून रंग, खाली करडा, खडूसारखा भुसभुशीत थर. तो तुकडा मी रागाने समुद्रात फेकला. ती माझी दुसरी मोठी चूक.

माझा मामेभाऊ कुडाळला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. दुसऱ्या दिवशी तो आला. उरलेल्याचा तुकडा काढून त्याने बोटांत चुरला, वास घेतला आणि म्हणाला, “अरे, ही तर गाडयेची लांबी!” लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्यावरचे खळगे बुजवायची पेस्ट. मग त्याने ग्राइंडर घेऊन आजूबाजूचं सगळं उघडं केलं. आत जे निघालं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. होडी कधीतरी खडकावर आदळलेली होती. तळ आत दबला होता, आणि कोपरापासून मनगटापर्यंत असते तेवढी लांब भेग आरपार गेलेली होती. भेगेत तरटाचा तुकडा कोंबला होता. त्यावर लांबीचे थरावर थर चढवून होडीचा आकार पुन्हा घडवला होता. सगळ्यांत जाड जागी लांबी २२ मिलिमीटर भरली. तिथे फायबरची जाडी ८ मिलिमीटर. कडेला तर जुन्या जेलकोटची, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराची, चमक तशीच होती, म्हणजे लांबी धरून राहावी म्हणून पृष्ठभाग घासायचीही तसदी घेतली नव्हती.

भावाने त्या दिवशी वाळूवर बसून जे समजावलं, ते मला जुलैत माहीत असतं तर होडी घेतलीच नसती.

ही लांबी पॉलिएस्टर रेझीनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, शंखजिऱ्यासारखी भुकटी कालवून करतात. त्यात ट्यूबमधला लाल हार्डनर शंभराला दोनच्या आसपास मिसळला की दहा-पंधरा मिनिटांत ती आवळते, आणि थोड्या वेळाने घासता येते. गाडीचा पत्रा ठोकून, ओढून जागेवर आणायचा, आणि मग जो थोडासा खळगा उरतो तेवढ्यापुरती ती लावायची. दोन-तीन मिलिमीटर, फार तर पाच. तिच्यात ताकद अशी नसतेच, ती फक्त सपाटी देते. आणि ती पाणी पिते. गाडीवर तिच्यावर प्रायमर, सरफेसर, रंग असे थर असतात आणि गाडी काही चोवीस तास पाण्यात उभी नसते. तरीसुद्धा भाऊ लांबी कोरडीच घासतो, पाणी लावून घासत नाही. होडीचा तळ कायम खाऱ्या पाण्यात असतो, वर प्रत्येक लाटेला तो थोडा वाकतो. फायबर वाकतं, लांबी वाकत नाही. कडेला केसाएवढी चीर पडते, तिथून पाणी आत शिरतं आणि मग आतल्या आत थर सुटत जातो.

आणि तो पिवळा डाग? भर पावसात लांबी लवकर आवळावी म्हणून हार्डनर जास्त घातला की तो वरच्या रंगातून असा डाग बनून वर येतो. भाऊ म्हणाला, “गिऱ्हाईकाच्या गाडीवर असा डाग दिसला, तर मी सगळा खरवडून परत करतंय.” माझ्या डोळ्यांसमोर पुरावा होता आणि मी त्याला पावसाचा डाग समजलो.

खरी दुरुस्ती काय असते तेही ऐका, म्हणजे कोणी ‘रिपेअर केलंय’ म्हणालं तर पुढचे प्रश्न विचारता येतील. फुटलेला भाग चांगलं फायबर लागेपर्यंत कापून काढायचा. मग कडा ग्राइंडरने उतरत्या करायच्या, जाडीच्या साधारण बारा पट रुंदीपर्यंत. ८ मिलिमीटर जाडी असेल तर चारही बाजूंना जवळजवळ १० सेंटिमीटर उतार. त्या उतारावर मॅट आणि रोविंगचे (काचेच्या तंतूंच्या कापडाचे) तुकडे रेझीनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचे, रोलरने हवा काढत. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर जेमतेम एक मिलिमीटर भरतो, म्हणजे माझ्या तळाला सात-आठ थर हवेत. आतूनही जोड द्यायचा. हे सगळं झाल्यावर शेवटी फिलर, तोही पाण्याखालच्या भागासाठी इपॉक्सीचा, आणि फक्त वरची सपाटी जुळवण्याएवढा. माझ्या होडीला शेवटची पायरी तेवढी पहिली समजून केली होती. आणि ती मात्र सुरेख केली होती! त्या कारागिराच्या हातात कसब होतं यात शंका नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. एवढी गोलाई जुळवायला जितके दिवस लागले असतील, त्यात खरी दुरुस्ती झाली असती.

मालकाला फोन केला. आधी म्हणाला, तुम्हीच कुठे तरी आपटली असेल. मग म्हणाला, कागद वाचा. स्टॅम्प पेपरवर लिहिलं होतं: ‘होडी तपासून, जशी आहे तशी घेतली.’ खाली माझी सही. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मला वाटलं होतं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रारीची फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. १९१५ या हेल्पलाइनवर मला पहिली माहिती मिळाली. निकाल काय लागेल तो लागेल. पण पुरावा जपा. काही खरवडण्याआधी फोटो, व्हिडिओ काढा, दोन त्रयस्थ माणसं उभी करा, मापाची पट्टी फोटोत ठेवा, निघालेला तुकडा पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. मी पहिला तुकडा फेकून दिला. भावाने दुसरा ठेवला म्हणून आज माझ्याकडे दाखवायला काही आहे.

आता होडी बघायला जाल तेव्हा. गाडी घेताना लोक लोहचुंबक लावून बघतात, जाड लांबी असेल तिथे तो धरत नाही. फायबरला चुंबकाचा काहीच उपयोग नाही. तिथे कान लागतो. रुपयाचं नाणं किंवा छोट्या हातोडीचा दांडा घेऊन तळ वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगलं फायबर खणखणीत बोलतं, लांबी किंवा सुटलेला थर असेल तिथे आवाज ‘थप’ असा बसका येतो. एकदा ऐकलात की फरक विसरणार नाही. आतल्या फळ्या उचलायला लावा. ‘आत्ताच मारल्यात’ म्हणत असेल तर नक्कीच उचलायला लावा, आणि नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. फळीखाली नाक घाला, ताज्या रेझीनचा वास बंद जागेत बरेच दिवस राहतो. काळोख पडल्यावर बॅटरी बाजूला टेकवून तिरपा उजेड टाका. आत वीतभर पाणी भरून रात्रभर ठेवू देत असेल तर तेही करा, बाहेर कुठे ओल फुटते ते सकाळी दिसतं. आणि शक्य असेल तर रंग लावण्याआधीची होडी बघा. रंग आपण नंतर लावू शकतो. सोबत वडील, काका, कोणी जुनं माणूस असू दे. बाबा त्या दिवशी आले असते तर त्यांनी पाच मिनिटांत फळी उचलली असती.

सध्या होडी आमच्या मांगराशेजारी (शेडशेजारी) पालथी आहे. दुरुस्तीला आत्तापर्यंत ७० हजार गेले आणि सीझनचे सगळ्यात चांगले दिवसही गेले. गावातले एक जुने फायबर कारागीर आणि भाऊ मिळून काम करतात. थर चढवून झालेत, आता घासणं चालू आहे. चाळीस नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग ऐंशी, एकशेवीस. पेपर हातभर लांब फळीला लावून तिरका घासायचा, कारण छोटा गुटका खळग्यात उतरतो आणि खळगा आणखी वाढवतो, लांब फळी मात्र उंचवटेच कापते. मधूनच भाऊ काळ्या रंगाचा हलका फवारा मारतो. घासल्यावर जिथे काळं उरतं तिथे खळगा.

बाबा रोज संध्याकाळी रुपया घेऊन होडीभोवती फिरतात, ठोकतात, कान लावतात, खडूने गोल करतात. परवा मागच्या बाजूला आणखी दोन गोल केले. त्यातला एक उघडला, तिथे फायबर चांगलं होतं, नुसता जाड रंग होता. दुसरा उद्या उघडणार आहोत.