मॉडिफाय केलेली गाडी विकताना: 31 महिने, 43 हजार किलोमीटर आणि व्हीलचे 20 बोल्ट

गाडी गेल्या आठवड्यात नव्या मालकाकडे गेली. विकायला काढल्यापासून साडेचार महिने लागले आणि त्यातले शेवटचे 19 दिवस व्हीलच्या बोल्टांपायी गेले. इंजिन ठणठणीत, कागद पूर्ण, ग्राहक तयार, आणि गाडी अडली ती बोल्टांवर. तो राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहायला बसलो. बाकीचा हिशेबही मांडतो, कारण मी विकायला निघालो तेव्हा असा हिशेब मला कुठेच वाचायला मिळाला नव्हता.

गाडी कुठल्या घराण्यातली ते शौकीन ओळखतीलच, फोक्सवॅगन-स्कोडाच्या: टर्बो पेट्रोल, 5×112 पीसीडी (चाकाचे पाच बोल्ट 112 मिमीच्या वर्तुळावर), 57.1 मिमीचा सेंटर बोअर, म्हणजे रिमचं मधलं भोक. 31 महिन्यांत मी तिला कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक), 18×8.5 ईटी 45 अलॉय (18 इंची, 8.5 इंच रुंद रिम; ईटी म्हणजे रिमची बसायची बाजू मध्यापासून किती मिमी बाहेरच्या अंगाला), स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधली फाइल बदलून ताकद वाढवणं), डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप) आणि मागचा एक्झॉस्ट लावला. पुढे त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे ब्रेक बसवले, वरून मॅट करडा रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची फिल्म. चालवायला गाडी फार सुंदर झाली होती. वळणावर ती जशी रस्ता धरून ठेवायची, तशी दुसरी गाडी माझ्या हाताखाली आलेली नाही. पण हा अनुभव विकण्याचा आहे.

सुरुवातीला माझा ठाम समज होता की गाडी आहे तशी, सगळ्या सामानासकट विकायची. शौकीन माणूस येईल, कशावर किती खर्च झालाय ते त्याला कळेल आणि निदान निम्मे पैसे तो देईल. दोन महिने याच समजात गेले. फोन भरपूर आले. अर्ध्या लोकांना नुसती चालवून बघायची होती, काहींना फक्त अलॉय हवे होते. जे खरे जाणकार आले त्यांनी मन लावून बघितली, कौतुक केलं आणि सांगितलं की गाडी करायची तर मी माझ्या हातानं करीन, दुसऱ्यानं केलेली घेणार नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कॉइलओव्हर किती खाली ठेवायचे, रिमॅपची फाइल कुणाची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं तर प्रत्येक बदलामागे किंमत खाली आणली. तेव्हा अपमान वाटला, आता त्याचं गणित समजतं. त्याला ही गाडी साध्या घरगुती ग्राहकाला विकायची असते. त्या ग्राहकाला कर्ज हवं, विमा हवा, आणि खाली लागणारी, आवाज करणारी गाडी नको. मी ज्याला भर म्हणत होतो ती त्याच्या लेखी काढून टाकायची मजुरी होती.

म्हणून गाडी परत कंपनीच्या रूपात आणायची ठरवली. काढलेलं जवळजवळ सगळं मी जपलं होतं: स्प्रिंग, शॉक, कॅटसह (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मूळ डाउनपाइप, मागचा सायलेन्सर, 17 इंची चारही अलॉय. जवळजवळ सगळं. बोल्ट जपले नव्हते.

इथे थोडा थांबतो. या गाड्यांच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, बॉल सीट, आणि मूळ रिममधली खाचही तशीच गोल. बाजारातल्या बहुतेक अलॉयना मात्र टेपर सीटचा, म्हणजे शंकूसारख्या बुडाचा बोल्ट लागतो. दोन्हींचे आटे सारखेच, एम14×1.5, त्यामुळे कुठलाही बोल्ट कुठेही बिनतक्रार फिरतो. टॉर्क रेंच 120 न्यूटन-मीटरला टक् करतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण गोल खाचेत शंकू बसला की तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. चालत्या गाडीत ती कड अॅल्युमिनियम चेपत जाते आणि पकड सुटते. रेंच खोटं बोलत नाही. फिरवायला किती जोर लागला एवढंच तो सांगतो, बूड कशावर टेकलंय ते त्याला कळत नाही.

18 इंची अलॉय बसवले तेव्हा मूळ 20 बोल्ट वर्कशॉपनं काढून बाजूला ठेवले होते. मी मागितले नाहीत आणि त्यांनी दिले नाहीत. आता 17 इंची परत चढवताना तिथल्याच माणसानं हाताशी असलेले टेपर बोल्ट लावले. मी समोर उभा होतो, पण लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी एक वयस्क गृहस्थ गाडी बघायला आले. निवृत्तीनंतर एकच गाडी ठेवायची, ती व्यवस्थित हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. बिलांची फाइल त्यांनी पानन् पान वाचली. चालवायला निघालो आणि पहिल्याच मोठ्या वळणावर पुढून डावीकडून टक-टक आवाज सुरू झाला. त्यांनी स्टिअरिंग सरळ केलं, गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "उतरून बघा." डाव्या चाकाचे दोन बोल्ट हातानं फिरत होते. मला घाम फुटला. या माणसाला मी त्या चाकावर बसवून नेलं होतं.

ते चिडले नाहीत. "हे नीट करा, मग बोलू," एवढंच म्हणाले आणि दुसरी गाडी मागवून गेले.

मग वर्कशॉपचे फेरे. शोधतो, सापडतील, उद्या या. आठवडा असा गेला. शेवटी सांगण्यात आलं की जुने बोल्ट आम्ही ठेवत नाही. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे सात दिवस वाचले असते. नवे मागवले तर पहिला संच टेपरचाच आला, कारण खोक्यावर फक्त आट्याचं माप होतं. दुसरा संच बॉल सीटचा, पण लांबीला जास्त. मला 27 मिमी हवे होते. तिसरा बरोबर आला. तोवर पुढच्या डाव्या रिमच्या दोन खाचा चेपलेल्या आढळल्या, म्हणून तसंच एक जुनं रिम शोधून विकत घ्यावं लागलं. बोल्ट ही गाडीतली जवळपास सर्वांत स्वस्त वस्तू, पण या प्रकरणात माझा मागचा एक्झॉस्ट विकून आलेला सगळा पैसा गेला. काटकसरीनं वागणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

बाकी गाडी मूळ रूपात आणताना जे शिकलो ते भराभर सांगतो. मूळ शॉक वर्षानुवर्षं आडवे पडून होते. ट्विन-ट्यूब शॉक तसे पडून राहिले की आतल्या नळीत हवा शिरते, म्हणून बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावे लागतात. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुशवाले, म्हणजे रबरी सांध्यांचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जे बोल्ट टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे असतात ते ताणले जातात; तिथे नवेच घ्या. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

मूळ डाउनपाइप परत बसवणं गरजेचं होतंच. कॅट काढलेली गाडी बहुतेक देशांत रस्त्यावर बेकायदा ठरते, आणि मुळात ते काढलं याचं मला आज वाईट वाटतं. एक गंजलेला स्टड तुटला, तो काढण्यात अर्धा दिवस गेला. कॅट नसताना येणारा पी0420 हा दोषाचा कोड त्यानंतर मी स्कॅनरनं पुसला आणि दुसऱ्याच दिवशी एका ग्राहकाच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. ती चूक झाली. कोड पुसला की रेडीनेस मॉनिटरही, म्हणजे गाडीनं धुराच्या यंत्रणेच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदी, कोरे होतात, आणि थंड इंजिनपासून हायवेपर्यंत सगळ्या तऱ्हेची धाव झाल्याशिवाय ते पूर्ण होत नाहीत. त्या मेकॅनिकला दिसलं एवढंच की नुकतंच काहीतरी पुसलंय. तो ग्राहक गेला. पुढचे चार दिवस गाडी नेहमीसारखी फिरवली, सगळे मॉनिटर पूर्ण झाले, पी0420 परत आला नाही.

या टप्प्यावर माझं मत असं होतं की सगळं काढा, सगळं सुटं विका, कुणाला काही सांगू नका. ते मत टिकलं नाही. वयस्क गृहस्थांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "इंजिनाला हात लावलाय का?" मी कंपनीची मूळ फाइल परत टाकली होती. पण फाइल मूळ असली तरी कंट्रोल युनिटमध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहू शकते, शिवाय खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. खरं ते सांगितलं: इतके महिने रिमॅपवर चालली, ऑइल दर 7,500 किलोमीटरला बदललं, क्लच त्या काळात कधी घसरला नाही. सोबत कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात त्या चाचणीचा, कागद ठेवला, चारही सिलिंडर 11 ते 11.5 बारच्या आत. त्या एका कागदानं जेवढं काम केलं तेवढं माझ्या बोलण्यानं झालं नसतं.

ब्रेकही काढले नाहीत. 17 इंची रिमच्या आत ते बसतात, सुटे भाग कंपनीचेच मिळतात, आणि गृहस्थांना पहिल्या चालवण्यात ब्रेकच सर्वांत आवडले होते. त्याचे वेगळे पैसे आले नाहीत, पण किमतीत घासाघीसही झाली नाही.

रॅपनं मात्र सुखद धक्का दिला. त्याचा पैसा बुडालाच असं मी धरून चाललो होतो. हीट गन घेऊन दोन दिवस सोलला तर आतून पहिल्या दिवसासारखा रंग निघाला, दगडांचे टिपके नाहीत की ओरखडे नाहीत. गृहस्थांच्या माणसानं रंगाची जाडी मोजली: 105 ते 130 मायक्रॉन, म्हणजे कारखान्यातला रंग. फक्त मागच्या उजव्या कमानीवर 240 भरले. ते माझंच काम. ईटी 45 च्या रिममुळे चाकाची बाहेरची कड मूळपेक्षा पावणेदोन सेंटिमीटरहून जास्त बाहेर आली होती, टायर घासत होता, म्हणून फेंडरची आतली कड वळवून घेतली. तिथे रंगाला चीर गेली, टचअप केलं. हे परत मूळ होत नाही. त्याचे पैसे त्यांनी कापले आणि मी मान्य केले.

सुट्या सामानाचा हिशेब: अलॉयचे खर्चाच्या साठ टक्के आले, एक्झॉस्टचे निम्मे. कॉइलओव्हरचे जेमतेम एक तृतीयांश, कारण उंची बदलायचा मागचा एक कॉलर मातीनं जाम झालाय आणि आटा फिरत नाही. बसवतानाच कॉपर ग्रीस लावलं असतं तर निम्मे आले असते. रिमॅप शून्य. बसवायची आणि काढायची मजुरी, दोन्ही वेळची, शून्य. गाडीला स्वतःला मात्र तिच्या वयाच्या साध्या गाडीएवढी पूर्ण किंमत मिळाली, आणि ती मिळाली कोपऱ्यात जपलेल्या मूळ सामानामुळे. त्या सामानाला मी 31 महिने अडगळ म्हणत होतो. आज काढलेला एकेक क्लिप पिशवीत घालून वर नाव लिहीन.

व्यवहाराच्या दिवशी गृहस्थांनी चारही चाकांचा एकेक बोल्ट काढायला लावला आणि बूड बोटानं चाचपून पाहिलं. मी स्वतः पुन्हा 120 ला कसले आणि सांगितलं की पन्नास किलोमीटर झाले की एकदा तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. वीसही तपासले होते, एकही हलला नव्हता.