अकरावीची भौतिकशास्त्राची पुस्तकं : नऊ महिने वापरल्यानंतर

जुलैपासून मार्चपर्यंत नागपुरात मानेवाड्यात घरीच अकरावीच्या चार मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. तीन पुस्तकं आलटून पालटून वापरली: राज्य मंडळाचं पाठ्यपुस्तक, एच. सी. वर्मांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'चे दोन खंड आणि बर्डीच्या बाजारातून घेतलेलं एक जाडजूड गाइड, ज्याचं नाव इथे घेत नाही. पूर्वी दुकानात पुस्तक चाळताना न्यूमेरिकल्स किती आहेत ते मी मोजायचो. आता आधी घर्षणाचं पान उघडतो.

गाइडमध्ये तिथे चौकटीत सूत्र आहे: घर्षणबल बरोबर म्यू गुणिले एन. म्यू म्हणजे घर्षणांक, एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने ढकलतो ते अभिलंब बल. अट कुठेच नाही. एका मुलीने त्याच्या भरवशावर टेबलावर नुसत्या ठेवलेल्या ५ किलोच्या पेटीवर २० न्यूटनचं आडवं घर्षणबल काढून दाखवलं. पेटीला कुणी हातही लावलेला नव्हता! "मग पेटी सरकत का नाही गं?" असं विचारल्यावर ती बिचारी गप्प झाली. चूक तिची नव्हतीच. स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू सरकत नसतानाचं, गरजेपुरतंच असतं, म्यू-एन ही त्याची कमाल मर्यादा. एवढं एक वाक्य गाळलं की पुढची पन्नास गणितं सुटतात, पण पोराला घर्षण कळलेलं नसतं. त्याच गाइडने टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं अभिलंब बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणून छापलीय. दोन्ही बलं एकाच वस्तूवर आहेत, जोडी होईल कशी?

दुसरी गोष्ट उत्तरांची. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी कार ५ मीटरमध्ये थांबते, मंदन (वेग कमी होण्याचा दर) काढा. उत्तर ४० मीटर प्रति सेकंद वर्ग, पुढचा प्रश्न. वर्धा रोडवर गाडी चालवणाऱ्याला हे खटकायला हवं, कारण हे गुरुत्व त्वरणाच्या चौपट झालं. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर साधारण ८ एवढंच मंदन देतात, म्हणजे थांबायला २५ मीटर तरी लागतील. ज्याने आकडे घातले त्याने रस्ता डोळ्यांसमोर आणलाच नाही.

माझी सगळ्यात आवडती कसोटी मात्र आपल्या नागपूरची आहे. मे महिन्यात पारा ४५ वर असताना कूलर खोली गार करतो, आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. का? गाइडमध्ये 'बाष्पीभवनाने थंडावा येतो' यापलीकडे काही नाही. वर्मांच्या दुसऱ्या खंडात वायूंच्या गतिज सिद्धांताच्या प्रकरणातच संपृक्त बाष्पदाब, सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू आहेत, म्हणजे हवेत किती बाष्प मावतं याचा हिशोब. ते वाचून मुलांनी उत्तर स्वतः मांडलं: हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर कूलरच्या गवती ताट्यांमधलं पाणी उडणार कसं? त्या संध्याकाळी आमचा तास दीड तास लांबला.

वर्मांचं पुस्तक पहिल्यांदा १९९२ साली आलं, तरी आधी लहान विचारप्रश्न आणि मग गणितं हा त्याचा क्रम मला अजून दुसरीकडे इतका जमलेला दिसत नाही. सरावाच्या गणितांची फक्त उत्तरं दिलीत, म्हणून शेजारी कुणी समजावणारं हवं. गणित कच्चं असलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी ते देऊ नका. त्याच्यासाठी पाठ्यपुस्तक आधी, तेही दोनदा.

गाइड मी रद्दीत दिलेलं नाही. मुलं त्यात चुका शोधतात आणि अट कुठे राहिली ते समासात पेन्सिलने लिहितात. आतापर्यंत १७ सापडल्यात, त्यांतल्या ६ त्या पेटीवाल्या मुलीने शोधल्या.