स्टँडवर बोर्ड द्यायचाय: रंगवलेला की सरकत्या अक्षरांचा?

मंडळाकडे वर्गणी उरली की हल्ली कुणीतरी सुचवतंच, "बसस्थानकावर गाड्यांच्या वेळांचा एलईडी बोर्ड बसवू." बसवा. पण आधी चौकशीच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहा. "नांदेड कितीला?" हे लोक विचारतातच, पण फलाटावर गाडी लागली की खरा प्रश्न येतो: "ही लोह्यावरून जायलीय का?"

उदगीरहून नांदेडला एक रस्ता मुखेड-नरसीवरून जातो, दुसरा शिरूर ताजबंद-अहमदपूर-लोह्यावरून. लोह्याच्या बाईनं नुसतं 'नांदेड' वाचलं आणि मुखेडच्या गाडीत बसली, तर चूक कळते तिकीट काढताना. म्हणून बोर्ड कुठलाही घ्या, 'मार्गे'चा रकाना गावाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात हवा.

एलईडी पहाटेच्या अंधारात झकास दिसतो. वेळ बदलली तर पाच मिनिटांत मजकूर बदलतो, अर्थात पासवर्डवाला माणूस रजेवर नसेल तर. अडचण सरकण्याची आहे. २० गाड्या, प्रत्येकी ६ सेकंद. आपली नुकतीच सरकून गेली की पुन्हा दिसायला २ मिनिटं. त्यात सर्रास मिळणाऱ्या पी-टेन पट्टीत (असे बोर्ड जोडायचा दिव्यांच्या ठिपक्यांचा तयार तुकडा) उभे ठिपके फक्त १६. इंग्रजी अक्षर त्यात ऐसपैस बसतं. 'मुखेड'ला मात्र वर मात्रा, खाली उकार. दोन पट्ट्या एकावर एक लावून ३२ ठिपक्यांची ओळ मागा, आणि नमुन्याला 'वेलकम' नको, 'मुखेड'च लिहून दाखवायला सांगा.

रंगवलेला पत्रा लाइट गेली तरी वाचता येतो. रंगाऱ्यांचा ढोबळ हिशेब १० फुटांना १ इंच अक्षर, म्हणजे ३० फुटांवरून वाचायचं तर ३ इंच. पिवळ्यावर काळं, रेल्वे स्टेशनासारखं. गावं अकारविल्हे लावा. वेळेप्रमाणे लावलेली यादी कंट्रोलरच्या सोयीची. प्रवाशाला वेळ कुठं ठाऊक असते, त्याला गाव ठाऊक असतं. धाराशिवपुढे कंसात 'उस्मानाबाद' राहू द्या. नाव २०२३ मध्ये बदललं, म्हाताऱ्यांच्या तोंडातलं अजून नाही.

पत्र्याचं दुखणं एकच, वेळा. एका स्टँडवर मी रंगवलेल्या वेळेवर खडूनं केलेली दुरुस्ती आणि त्या खडूवर चिकटवलेला कागद पाहिलाय. तिन्ही वेळा वेगळ्या. त्यावर उपाय म्हणजे गाव आणि मार्ग रंगवून घ्यायचे, वेळा मात्र खाचेत सरकवायच्या सुट्या पट्ट्यांवर. '१४.३०' च्या जोडीला 'दुपारी २.३०' लिहा.

क्यूआर कोड कॉलेजच्या पोरांसाठी कोपऱ्यात लावा, खर्च नाही. कडेवर लेकरू आणि हातात पिशवी असलेली बाई तो स्कॅन करणार नाही.

माझं मत पत्र्याला. लांब पल्ल्याच्या, उशिरा येणाऱ्या गाड्या बऱ्याच असतील आणि उशिराच्या वेळा बोर्डात रोज भरणारा माणूस आगारानं कबूल केला असेल, तरच एलईडी; तोही चार-पाच स्थिर ओळींचा. परवानगी आगार व्यवस्थापकांकडून लेखी घ्या.

रंगारी बोलावण्याआधी सगळा मजकूर कागदावर मोठा छापून आठ दिवस भिंतीला चिकटवा. ड्रायव्हर-कंडक्टर येता-जाता पेनानं चुका काढतील. तोच कागद रंगाऱ्याला द्या.