छळछावणीतील साक्षीची कादंबरी: खरे नाव ठेवावे की बदलावे?

नाझी छळछावणीतून वाचलेल्या व्यक्तीची हकिकत हाती असेल आणि तिची कादंबरी करायची असेल, तर भाषा आणि रचना यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: पात्राला त्या व्यक्तीचे खरे नाव द्यायचे की नाही? लेखकाला पुढे किती मोकळीक घेता येईल, हे बहुतांशी याच उत्तरावर अवलंबून असते.

खरे नाव ठेवून कल्पनेला आवर घालण्याचा मार्ग ‘शिंडलर्स आर्क’ लिहिणारे ऑस्ट्रेलियन कादंबरीकार थॉमस केनिली यांचा. १९८० मध्ये बेव्हर्ली हिल्समधील चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात ते ब्रीफकेस पाहायला गेले असता, स्वतः शिंडलरमुळे वाचलेले दुकानमालक लिओपोल्ड फेफरबर्ग यांनी त्यांना, आपल्या कारखान्यात कामाला ठेवून शेकडो ज्यूंना वाचवणारा जर्मन उद्योजक ऑस्कर शिंडलर याची कथा ऐकवली. केनिली मात्र त्यांच्या एकट्याच्या सांगण्यावर विसंबले नाहीत. सात देशांतील पन्नास जणांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या, फेफरबर्ग यांना बरोबर घेऊन शिंडलरचा कारखाना असलेले पोलंडमधील क्राकूव्ह शहर पाहिले आणि संवाद शक्यतो तेवढेच रचले, जेवढ्यांना कुणाच्या तरी आठवणीचा आधार होता. १९८२ मध्ये या पुस्तकाला बुकर मिळाले, तेव्हा ‘ही कादंबरी तरी आहे का?’ अशी टीका झाली. माझ्या मते ही टीका त्यांच्या पद्धतीला मिळालेली पावतीच होती. तरीही ही पद्धत निर्दोष नाही. वाचवायच्या कैद्यांच्या नावांची ती प्रसिद्ध यादी तयार करण्यात शिंडलरचा हात फारच थोडा होता, असे इतिहासकार डेव्हिड क्रो यांनी पुढे २००४ मध्ये दाखवले.

दुसरा मार्ग लेखिका हेदर मॉरिस यांचा: त्यांनी नावे खरी ठेवली, पण मोकळीक बरीच घेतली. ऑशविट्झ छळछावणीत कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदणारे लाले सोकोलोव्ह यांच्याशी त्या मेलबर्नमध्ये २००३ पासून बोलत होत्या. त्यातून आधी पटकथा झाली आणि २०१८ मध्ये ‘द टॅटूइस्ट ऑफ ऑशविट्झ’ ही कादंबरी आली. तिचा खप अफाट झाला. मात्र छावणीचा इतिहास समजून घेण्यासाठी ती उपयोगाची नाही, असा निर्वाळा ऑशविट्झ स्मारकाच्या संशोधन केंद्राने दिला. कारणे किरकोळ वाटतात, पण तशी ती नाहीत. लाले यांची पत्नी गीता हिचा क्रमांक कादंबरीत ३४९०२ आहे, तर तिने स्वतः शोआ फाउंडेशनला (वाचलेल्यांच्या साक्षी चित्रित करून जतन करणाऱ्या संस्थेला) दिलेल्या साक्षीत तो ४५६२ आहे. स्त्रियांचे क्रमांक १९४२ च्या मार्चपासून वेगळ्या मालिकेत, येतील तसे दिले जात असल्यामुळे त्या आकड्यावरून कैदी साधारण केव्हा आली, हे कळते. म्हणजे आकडा बदलला की तिच्या छावणीत येण्याची तारीखच सरकते. तसेच, कादंबरीत १९४३ च्या जानेवारीत तिच्या टायफस या तापासाठी लाले पेनिसिलिन मिळवतो. ते औषध तेव्हा तिथे मिळणे अशक्यप्राय होते आणि टायफसवर ते लागूही पडत नाही. ‘ही त्या काळातली एक कथा आहे, संपूर्ण इतिहास नव्हे’ असा मॉरिस यांचा बचाव होता. चरित्रात्मक कादंबरीवर वाढलेल्या मराठी वाचकाला तो पटण्याजोगा वाटेल, पण होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, झालाच नाही असे म्हणणारे लोक अशाच चुका शोधत असतात. शिवाय मोकळीक कधी कधी तिसऱ्याच माणसाला भोवते: मॉरिस यांच्या पुढच्या कादंबरीची नायिका सिल्का ही छावणीतील खरीखुरी कैदी; ती २००४ मध्येच वारली होती, आणि तिच्या चित्रणावर तिच्या सावत्र मुलाने जाहीर आक्षेप घेतला.

तिसरा मार्ग नाव बदलण्याचा. हंगेरियन लेखक इम्रे कर्तेस स्वतः किशोरवयात ऑशविट्झ आणि बुखेनवाल्ड या छावण्या भोगून आले होते, तरी १९७५ च्या त्यांच्या कादंबरीचा नायक ग्यॉर्गी क्योवेश आहे आणि ते पुस्तक आत्मचरित्र म्हणून वाचायला त्यांनी नकार दिला.

एकाच वृद्ध साक्षीदाराच्या आठवणी हाती असतील आणि त्या पडताळण्याजोगे दुसरे काही नसेल, तर नाव बदलावे, असे माझे मत आहे. नाव ठेवायचेच असेल तर नाझींच्या बळींची कागदपत्रे जपणारे जर्मनीतील आरोल्सन अभिलेखागार आणि शोआ फाउंडेशनच्या पन्नास हजारांहून अधिक साक्षी यांच्याशी प्रत्येक तारीख, क्रमांक आणि गाडी ताडून पाहावी लागेल; या कामाला कादंबरी लिहिण्याइतकाच वेळ जातो. आजोबांचे नाव छापलेले पाहण्याची कुटुंबाची इच्छा असेल आणि एवढा शोध घेणे शक्य नसेल, तर कादंबरीचा हट्ट सोडून मुलाखत टिपांसह जशीच्या तशी प्रसिद्ध करावी. वाचक कमी मिळतील, पण आठवण कुठे चुकली असेल तर ते टिपेत सांगता येईल.