तीन खनिजांचा डबा आणि त्यातला सगळ्यात कळकट दगड

वर्गात दाखवायला खनिजांचे नमुने मागवायचे म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. फोटोत निळंशार दिसणारं खनिज हातात पडतं तेव्हा राखाडी ढेकूळ निघतं, असं बऱ्याचदा झालंय. म्हणून ॲल्युमिनियम सिलिकेटांचा हा नमुनासंच घ्यायला मी बरेच दिवस चालढकल केली. आता तीन महिने वापरून झाल्यावर लिहिते आहे. दगड उत्तम आहेत, शिकवणाऱ्याने जरूर घ्यावेत. सोबतची पुस्तिका मात्र मुलांच्या हातात देऊ नये.

डब्यात कायनाइटची एक सुटी पट्टी आहे, कायनाइट आणि स्टॉरोलाइट नावाचं दुसरं खनिज एकत्र असलेला अभ्रकी शिस्टचा (उष्णता-दाबाने बदललेल्या, म्हणजे रूपांतरित, पापुद्रेदार खडकाचा) तुकडा आहे, अँडालुसाइटची घासून चकचकीत केलेली चकती आहे आणि सिलिमनाइट असलेल्या नाइसचा (पट्टेदार रूपांतरित खडकाचा) मुठीएवढा दगड आहे. त्याच नाइसचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, काचपट्टीवरचा पातळ छेदही दिलाय.

कायनाइट, अँडालुसाइट, सिलिमनाइट या तिघांचं रसायन अगदी एक: ॲल्युमिनियमचे दोन अणू, सिलिकॉनचा एक, ऑक्सिजनचे पाच. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. ॲल्युमिनियमच्या दोन अणूंपैकी एकाभोवती तिन्ही खनिजांत सहा ऑक्सिजन असतात. दुसऱ्याभोवती कायनाइटमध्ये सहा, अँडालुसाइटमध्ये पाच आणि सिलिमनाइटमध्ये चार. दाब जास्त असेल तर दाटीवाटीची मांडणी टिकते, म्हणून खोलवर कायनाइट तयार होतं. दाब कमी असेल तर अँडालुसाइट, आणि तापमान बरंच चढलं की सिलिमनाइट. दाब-तापमानाच्या आकृतीत तिघांच्या सीमा साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि ४ किलोबारच्या आसपास एकत्र येतात, तो तिहेरी बिंदू. एवढा दाब म्हणजे जमिनीखाली चौदा-पंधरा किलोमीटर.

हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. मुलं आकृती उतरवून घेतात, परीक्षेत जशीच्या तशी काढतात आणि विसरून जातात. या वेळी आकृती नंतर काढली, आधी दगड वजनकाट्याला दोऱ्याने टांगले. कायनाइटची पट्टी हवेत २१.६ ग्रॅम भरली, पाण्यात बुडवल्यावर ६ ग्रॅमने हलकी झाली. भागाकार ३.६, म्हणजे पाण्याच्या ३.६ पट जड; हेच विशिष्ट गुरुत्व. अँडालुसाइटची चकती १२.४ ग्रॅम, पाण्यात ४ ग्रॅमने हलकी. भागाकार ३.१. रसायन तेच, मग वजनात एवढा फरक का, असं मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं. दाबाचा धडा तिथून सुरू झाला, मला वेगळी सुरुवात करावीच लागली नाही.

कायनाइटची पट्टी बोटाएवढी लांब आहे. मधोमध गडद निळी, कडांकडे फिकट होत जवळजवळ पांढरी. रंग एकसारखा नाही म्हणून कुणी नाक मुरडू नये, कायनाइट असंच असतं आणि असंच हवं. लेबलवर ‘कठिनता ७’ (१ ते १० च्या मोहस मापावर) छापलंय, ते मात्र अर्धवट आहे. पोलादी चाकूचं टोक पट्टीच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर बारीक पांढरी रेघ उमटते, बोटाच्या पेराखाली ती चर जाणवते. तेच टोक आडवं ओढलं तर चाकू नुसता घसरतो आणि दगडावर पोलादाचा करडा माग राहतो. लांबीच्या दिशेला कठिनता साडेचार ते साडेपाच, आडव्या दिशेला साडेसहा ते सात. जुन्या खनिजशास्त्रज्ञांनी याला डिस्थीन, म्हणजे दोन बळांचं, असं नाव दिलं होतं ते याच गुणामुळे. इतकी सुंदर गोष्ट एका आकड्यात दडपून टाकायची म्हणजे काय!

माझ्या पट्टीचा एक पापुद्रा वाटेतच सुटला होता. कायनाइट एका पातळीवर फार सहज चिरतं, त्यामुळे ते घट्ट बसवूनच पाठवायला हवं. डब्यातला स्पंजचा खळगा पट्टीपेक्षा मोठा आहे आणि पट्टी आत खुळखुळते. मी कडेने कापूस भरला.

अँडालुसाइटची चकती सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात काळी फुली आहे. या प्रकाराला कायॅस्टोलाइट म्हणतात. ग्रॅनाइटचा तप्त रस शेजारच्या काळ्या, कार्बनयुक्त शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकात) घुसला की उष्णतेने शेल भाजून निघतो आणि त्यात अँडालुसाइट वाढू लागतं. वाढताना कार्बनचे कण ठरावीक दिशांनी आत अडकत जातात आणि आडव्या छेदात फुली दिसते. शुद्ध अँडालुसाइटचं विशिष्ट गुरुत्व ३.१५ च्या आसपास असतं, आमचं किंचित कमी भरलं ते बहुधा या हलक्या कार्बनमुळे.

आता तो कळकट दगड. सिलिमनाइटचा नाइस डब्यातून बाहेर काढल्यावर कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. मळकट करडा, मध्ये काळ्या अभ्रकाचे पट्टे, त्यांत पांढुरकी बुरशी आल्यासारखी दिसते. दहापट भिंग डोळ्याशी धरा आणि दगड उजेडाकडे हळूहळू फिरवा. ती बुरशी म्हणजे रेशमासारख्या तंतूंचे झुबके आहेत, आणि ते काळ्या अभ्रकात रुजल्यासारखे वाढलेत. कायनाइट तापलं की ते जागच्या जागी सिलिमनाइट होतं, असं पुस्तक वाचून वाटतं. खडकात बहुधा तसं घडत नाही. कायनाइट एकीकडे विरघळतं, द्रावातून पदार्थ सरकतो आणि सिलिमनाइट दुसरीकडे, अभ्रकाच्या आधाराने उगवतं. भूवैज्ञानिक डी. एम. कारमायकेल यांनी १९६९ मध्ये हे नीट मांडलं. ते दाखवणारा नमुना मी इतकी वर्षं शोधत होते. डब्यातल्या या एका दगडासाठीसुद्धा मी हा संच पुन्हा घेईन.

पातळ छेद मात्र साधारणच आहे. ध्रुवित प्रकाशात एका कोपऱ्यात क्वार्ट्झ करड्या-पांढऱ्याऐवजी पिवळा दिसतो, म्हणजे तिथे छेद नेहमीच्या ०.०३ मिलिमीटरपेक्षा जाड राहिलाय. मधला भाग ठीक आहे, तंतू स्पष्ट दिसतात.

पुस्तिकेवर माझा खरा राग आहे. तिच्यात लिहिलंय की तिन्ही खनिजं एका खडकात सापडली म्हणजे तो खडक त्या तिहेरी बिंदूवरच तयार झाला. असं धरून चालता येत नाही. ही खनिजं एकमेकांत बदलायला फार रेंगाळतात. परिस्थिती बदलली तरी जुनं खनिज तसंच मागे राहतं. तसं नसतं तर खोलवर तयार झालेलं कायनाइट आपल्या टेबलावर आलंच नसतं. पुढे म्हटलंय, दाबाखाली ‘कोणताही खडक’ कायनाइट देतो. मुळीच नाही. त्याला मुळात ॲल्युमिनियमने भरलेला चिखल लागतो. चिखलाचा शेल होतो, शेलची स्लेट, मग त्यात अभ्रक, गार्नेट, स्टॉरोलाइट ही खनिजं येत जातात, आणि प्रत्येक पायरीवर खडकातलं पाणी बाहेर पडत जातं. भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या आग्नेय हायलँड्समधल्या खडकांत स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट असे पट्टे नकाशावर आखले, ते या चढत्या पायऱ्या ओळखूनच. डब्यातल्या शिस्टमध्ये तपकिरी स्टॉरोलाइट आणि निळं कायनाइट एकमेकांना चिकटून उभे आहेत. एवढा बोलका नमुना देऊनही पुस्तिकेत त्यावर एक ओळ नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव: एकाही दगडावर तो कुठून आणला ते लिहिलेलं नाही. कुठला पर्वत, कुठला थर, शेजारी कोणता खडक, हे माहीत नसेल तर रूपांतरित खडकाची अर्धी हकिगत गेलीच. मी विक्रेत्यांना दोनदा लिहून विचारलं. चकती आणि शिस्ट कोणत्या देशांतले ते कळवलं, पट्टीचं आणि नाइसचं त्यांनाही सांगता आलं नाही.

तरी संच परत केला नाही. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन क्रमांक घातला. नोंदवहीत कळकट दगडासमोर ‘ठिकाण अज्ञात’ लिहिलंय आणि त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्यात.