वर चोवीस रुपये देऊन गेलेला भंगारवाला

आमच्या घरात नऊ माणसं आणि एक माळा. माळ्यावर काय आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, कारण वर चढून बघायला वेळ कुणाला? सकाळी चार डबे, दोन शाळांच्या बस, नानांच्या गोळ्या, वहिनींची साडेआठची ड्यूटी. वर्षभर जे नको होईल ते वर ढकलायचं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी एकदाचं सगळ्यांनी ठरवलं, आज माळा रिकामा करायचा.

निघालेलं सामान अंगणात मांडलं तर चालायला वाट राहिली नाही. मुलांच्या चौथीपासूनच्या वह्या, तीन मिक्सर (चालू एकही नाही), इन्व्हर्टरची संपलेली बॅटरी, कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराच्या बारा स्टीलच्या बरण्या आणि नानांची रद्दी. नाना दोन पेपर घेतात आणि महिन्याचा एक गठ्ठा सुतळीने बांधून ठेवतात. 'लागतो संदर्भाला' म्हणतात. कधी लागला नाही. असे बावीस गठ्ठे. आणि सगळ्यात शेवटी, दोघांनी धरून उतरवावा लागलेला आईंचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

नेमका तेव्हाच गल्लीत टेम्पो आला. 'पेपर रद्दी, तांबा-पितळ, बॅटरी, फ्रीज' अशी रेकॉर्ड लावलेली. आमचा नेहमीचा रद्दीवाला चौदा रुपये किलोने घेतो. या दोघांनी आल्या आल्या अठरा सांगितले. वहिनींनी वीस मागितले, त्याने हात जोडले, अठरावर ठरलं. आपण काय मस्त घासाघीस केली या आनंदात आम्ही होतो. इथेच आमचं चुकलं. भावावर दहा मिनिटं वाद घातला, वजनाकडे एकानेही लक्ष दिलं नाही. बाजारात सगळे चौदा देत असताना एखादा अठरा देतो, तेव्हा ते चार रुपये तो कुठून तरी काढणार असतो. हे मला आज सुचतंय.

त्यांच्याकडे हातात धरायचा हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. एकजण गठ्ठा हुकाला अडकवायचा, हिसक्याने उचलायचा, आकडा अजून थरथरत असतानाच ओरडायचा, "चार नऊशे, लिहा!" आणि गठ्ठा टेम्पोत. माझा धाकटा कॅलेंडरच्या पानामागे लिहीत होता. मध्येच दुसऱ्याने पाणी मागितलं, मग चहाचं निघालं, मग टेम्पो गेटसमोर आहे म्हणून शेजारच्यांचा हॉर्न. अशा गडबडीत आकडा कोण वाकून बघतंय? एकवीस गठ्ठ्यांचे झाले एकशे दोन किलो, म्हणजे एक हजार आठशे छत्तीस रुपये.

मग बंब. हा प्रकार जरा सविस्तर सांगते, कारण ती हातचलाखी मी डोळ्यांनी बघितली आणि तरी कळली नाही. बंब बाहेरून काजळीने काळाकुट्ट. त्याने खिशातून कानस काढली आणि तोटीवर दोनदा घासली. पिवळं चकचकीत दिसलं. "बघा ताई, पितळ आहे. तांबा असता तर लाल दिसला असता." बोलणं शंभर टक्के खरं. तोटी पितळेचीच असते, बहुतेक बंबांची असते! त्याने अंगावर कानस लावलीच नाही, आणि आम्हालाही लाव म्हणायचं सुचलं नाही. आई पायरीवरून म्हणाल्या, "अरे तांब्याचा आहे तो." त्यावर तो हसून म्हणाला, "आजी, तेव्हा दुकानदाराने फसवलं तुम्हाला." आम्हीही हसलो. आतली लोखंडी जाळी काढून बाजूला टाकली, बंब हुकाला लावला, चार किलो सहाशे. पितळेचा भाव चारशे, एक हजार आठशे चाळीस झाले. बॅटरीचे 'आत नुसतं पाणी आहे' म्हणून तीनशे. एकूण तीन हजार नऊशे शहात्तर. त्याने चार हजार मोजून आईंच्या हातात दिले. "वरचे चोवीस तुमच्या चहाचे, आजी." माणूस किती सज्जन, यावर दुपारच्या जेवणात चर्चा झाली.

संध्याकाळी जिन्याखाली एक गठ्ठा सापडला. मुलांनी तो सकाळीच क्रिकेटच्या स्टंपसाठी पळवला होता. कॅलेंडरचं पान समोर होतं, त्यावर सगळे आकडे चार सहाशे ते पाच शंभरच्या मधले. धाकटा म्हणाला, "आई, हा मला दोन हातांनी पण उचलत नाही आणि पाच किलोचं पीठ मी दुकानातून एकटा आणतो."

आमच्याकडे वजन कमी करण्याच्या संकल्पातून आलेला काटा आहे. नाना त्यावर उभे राहिले, 61.4. गठ्ठा कवटाळून उभे राहिले, 70.7. म्हणजे गठ्ठा नऊ किलो तीनशे. हे म्हणाले, आपलाच काटा बिघडला असेल. तेव्हा वहिनींनी डोकं चालवलं. आदल्या दिवशीच भरलेला गॅस सिलिंडर आला होता, सील न तोडलेला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, आमच्या सिलिंडरवर 15.6 होतं. आत गॅस 14.2 किलो. बेरीज 29.8. काट्याने दाखवलं 29.7. घरात खात्रीचं वजन हवं असेल तर यापेक्षा सोपं काही नाही. सिलिंडर नसेल तर लिटरभर पाण्याचं वजन एक किलो, हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

थोडक्यात, निम्मं वजन गिळलं होतं. एकवीस गठ्ठे म्हणजे एकशे पंच्याण्णव किलो. नेहमीच्या माणसाच्या चौदा रुपयांनीसुद्धा दोन हजार सातशेच्या वर गेले असते.

बंबाचं दोन दिवसांनी कळलं. माळ्यावरच्या ट्रंकेत आईंच्या लग्नातल्या भांड्यांची यादी निघाली. तेव्हाही तांबं-पितळ वजनावरच मिळायचं, त्यामुळे प्रत्येक भांड्यापुढे वजन. 'बंब तांब्याचा, तोटी पितळी, 9 किलो 400.' आई ती ओळ वाचून काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. मला पैशांपेक्षा त्यांना 'दुकानदाराने फसवलं' म्हणून हसलो याचं जास्त वाईट वाटलं. मी पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन विचारलं. तिथल्या कारागिराने मोडीतसुद्धा किलोला साडेसहाशेच्या आसपास दिले असते. म्हणजे सहा हजारांचा बंब एक हजार आठशे चाळीसला गेला. वर तो म्हणाला, "मोडीत कशाला काढलात? ठोकून, कल्हई करून दिला असता."

पोलीस चौकीत गेलो. टेम्पोचा नंबर? मागचं फळकूट खाली लोंबत होतं, नंबर त्याच्याआड. नाव? माहीत नाही. अर्ज घेतला, पुढे काही नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबरही आहे, पण तक्रार कुणाविरुद्ध लिहायची?

नंतर वाचलं तेव्हा समजलं की व्यापारात वापरायचा प्रत्येक काटा वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, इलेक्ट्रॉनिक काटा तर दर वर्षी. भंगारवाल्यालाही ते लागू आहे. म्हणून दारात कुणी हुकाचा काटा काढला, तर शिक्का दाखव म्हणा. आपल्या घरातली वजन माहीत असलेली वस्तू आधी त्याच्या काट्याला लावा, आणि वजन बरोबर आलं तर पुढचं बोला. आकडा थांबेपर्यंत थांबा, तो स्वतः वाचा. धातूची वस्तू असेल तर कानस अंगावर लावायला सांगा, तोटीवर किंवा कडीवर नाही. बॅटरी अशांना देऊच नका. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो.

परवा आमचा नेहमीचा रद्दीवाला आला. उरलेला गठ्ठा त्याच्या तराजूत नऊ किलो दोनशे भरला. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. इतक्यात त्याची नजर मोरीतल्या बंबाच्या झाकणावर गेली, ते त्या गडबडीत घरीच राहिलं होतं. "आजी, हे तांबं द्यायचंय का?"

आई आतूनच म्हणाल्या, "आधी तुझ्या वजनांवरचा शिक्का दाखव."