नेटहॅक: सुऱ्या फेकाव्यात की धनुष्य ओढावं?

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी घराबाहेर पडणं म्हणजे शिक्षाच. मग मी आणि मावसभाऊ नेटहॅक घेऊन बसतो. भुयारात उतरून राक्षस मारायचा हा कॉम्प्युटरवरचा खेळ १९८७ सालचा, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. वाद मात्र गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडताना होतो तसाच.

तो धनुष्यवाला. बाणाचा मार सहापर्यंत, सुरीचा चारपर्यंत, हे त्याचं पालुपद. खरं आहे. पण लागलेला बाण बऱ्याचदा मोडतो, सुरी मोडत नाही. मेलेल्या राक्षसाजवळून उचलायची की पुढे. शिवाय धनुष्य हातात असताना कुणी अंगाशी आलं, की बसा त्या लाकडाने बडवत! सुरीचं तसं नाही. एक हातात धरायची, बाकीच्या भिरकवायच्या. हात बसला की कधी एका खेपेत दोन-तीन सुटतात, आणि चोराचं पात्र घेतलं तर आणखी फायदा.

सामुराई घेतला तर धनुष्यबाण सुरुवातीलाच मिळतात. तिथे मी गप्प.

तरंगता डोळा नावाचा एक राक्षस आहे, त्याला दोन्हींपैकी काहीही चालतं, फक्त लांबूनच मारायचं. भावाने एकदा जवळ जाऊन धनुष्यानेच बडवलं. जागच्या जागी थिजला, आणि साध्या कोल्ह्यांनी फाडून खाल्ला.